कोयनेलची पिलं

लोटन आबांच्या बायकोचं, धुरपदाबाईंचं, वर्षश्राद्ध ज्या साली झालं, ते साल २०१८. श्राद्धाचं जेवण आटोपलं, भाऊबंद आपापल्या गाड्यांनी गेले, आणि लोटन आबांनी रावेरचं घर आणि चाळीस वर्षं सांभाळलेली केळीची बाग मुलाच्या, हितेंद्रच्या हवाली केली. "आबा, आता तुम्ही आराम करा," असं हितेंद्र म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. पण ज्याने जन्मात आराम केला नाही त्याला तो शिकवणार कोण? आबा एक पिशवी घेऊन धुळ्याला लेकीकडे राहायला आले. पिशवीत दोन धोतरं होती, चष्मा होता, अडकित्ता होता आणि केळीची पिलं काढायचा विळा होता.

केळीच्या बुंध्याशी कोंब फुटतात, त्यांना पिलं म्हणतात. ती वेळच्या वेळी काढली नाहीत तर मोठ्या झाडाचा रस पितात आणि घड बारीक पडतो. हे रावेरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आबांनी आयुष्यात किती पिलं काढली असतील त्याची गणतीच नाही.

लेक म्हणजे चारुलता. तीस वर्षांची. देवपूर भागातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायची. आईच्या दुखण्यात चार वर्षं गेली. दवाखाना धुळ्याचा, म्हणून देवपुरातच लहानसं घर घेतलेलं. आई अंथरुणावर असताना आलेल्या स्थळांनी वाट पाहिली नाही, आणि आई गेल्यावर जी आली ती हिच्या मनाला आली नाहीत. रडत बसणारी ती नव्हती. फक्त रविवार तिला फार लांब वाटायचा.

अशाच एका रविवारी, आषाढात, बारीक भुरभुर चालू असताना फाटकापाशी तीनचाकी टेम्पो येऊन थांबला. मागे रोपंच रोपं. एक उंच, सावळा माणूस खाली उतरला, डोक्यावर खताची रिकामी गोणी पांघरलेली.

"पुष्पाबाईंचं घर हेच का?"

"शेजारचं. पण त्या सुरतला गेल्या, मुलाकडे. महिनाभर नाहीत."

त्या माणसाने गोणी डोक्यावरून मागे सारली.

"महिनाभर? मला आज सकाळी दहाला बोलावलंय त्यांनी. कुंपणाला दोनशे रोपं."

"मग परत न्या."

"परत नेली तर आमचे मालक रतिलालभाऊ रोपांना आत घेतील... मला नाही घेणार."

चारुलताला हसू आलं. तिने ते दाबलं, पण गालावर राहून गेलं. त्याने ते टिपलं आणि लगेच नजर खाली, रोपांकडे नेली.

"मॅडम, एक विचारू? तुमच्या कंपाउंडला नुसती तारच आहे. रस्त्यावरून सगळं घर दिसतं. हे कोयनेल आहे. कडू असतं, शेळी तोंड लावत नाही. मी आज लावून देतो आणि कुंपण दाट भरेपर्यंत दर पंधरा दिवसांनी स्वतः येऊन बघतो. शब्द."

"आणि नाही भरलं तर?"

"तर येतच राहीन," तो म्हणाला. आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर कळलं. तो घाईघाईने टेम्पोचं फळकं सोडायला गेला.

त्याचं नाव अभिमन. गाव नरडाणा. शेतकीची पदविका घेऊन रतिलालभाऊंच्या रोपवाटिकेत कामाला होता. त्या दिवशी त्याने दुपारपर्यंत एकट्याने चर खणला आणि दोन ओळी लावल्या. एका ओळीतल्या दोन रोपांच्या मधल्या जागेसमोर दुसऱ्या ओळीतलं रोप, अशा. चारुलता ओट्यावर उभी राहून बघत होती. शेवटचं रोप लागलं तसा त्याने खिशातून कात्री काढली आणि पहिल्या रोपापासून सगळे शेंडे कापत निघाला. हिरवेगार, पावसाने तुकतुकीत झालेले शेंडे!

"अहो... अहो भाऊ! हे काय करताय?"

"शेंडा आहे तोवर झाड वरच बघतं. शेंडा गेला की आजूबाजूला बघायला लागतं. तेव्हा ते बुडापासून फुटतं."

"हे मी दहावीला शिकवते."

"मग ओरडलात का?"

"शिकवणं वेगळं आणि डोळ्यांदेखत कापणं वेगळं."

तो हसला. समोरचा एक दात थोडा तिरपा होता. चारुलताने उगीचच तो लक्षात ठेवला.

आबा आत खाटेवर बसून खिडकीतून बघत होते. तो गेल्यावर म्हणाले, "कोन व्हता तो कात्रीवाला? वर जानाऱ्या झाडाचा शेंडा कापतो! डोकं नही त्याले."

तीन आठवड्यांनी कोयनेलच्या बुडाशी, दोन्ही अंगांनी, नाजूक फूट दिसू लागली. आणि एका सकाळी चारुलता चहा गाळत असताना तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, आबा विळा घेऊन उकिडवे बसले आहेत. एका रोपाची बाजूची फूट काढली, पुढच्या रोपाकडे सरकले. ती काढली, पुढे सरकले. हात मनगटापर्यंत मातीने भरलेले. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते, गाण्यासारखं.

तिला सगळं समजलं. आबा पिलं काढत होते.

ती पदर खोचून बाहेर निघाली आणि दारातच थांबली. आई गेल्यापासून आबांना तिने असं बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या दुपारी आबांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि वर म्हणाले, "ठेचा अजून व्हता का गं?" उद्या सांगू, असं तिने ठरवलं.

उद्या रविवार होता. अभिमन आला. रविवारी सकाळी आबा रावेर-यावलकडच्या मंडळींच्या बैठकीला जात, ते गेलेले होते. अभिमन रोपांपाशी बसला, एकेक बूड बोटाने चाचपलं.

"काहीतरी खातंय, मॅडम."

"शेळी असेल."

"शेळी कोयनेल खात नाही, सांगितलं होतं मी." त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "आता पंधरा दिवस थांबून चालणार नाही. दर रविवारी यावं लागेल... चालेल ना?"

तिच्या जिभेवर आलेलं खरं तिथेच बसलं.

"चालेल," ती म्हणाली. "दहा वाजता या."

दहाला आबा घरी नसत. हे तिला ठाऊक होतं, आणि ते तिने मुद्दाम केलं, हेही तिचं तिला ठाऊक होतं.

श्रावण गेला, भादवा गेला. अभिमन दर रविवारी दहाला येई. कधी बुडाशी राख टाकी, कधी कडुनिंबाचं पाणी फवारी. एकदा उंदराचा पिंजरा लावून गेला. तो वाढलेले शेंडे अर्ध्यावर कापी. आठवडाभरात बाजूने फूट येई आणि आबा ती विळ्याने काढत. वर एक कापत होता, खाली एक कापत होता. कोयनेल बिचारं कोणाचं ऐकणार? काठीसारखं उभं राहिलं.

पुष्पाबाई सुरतहून परत आल्या. त्या तारेपलीकडून बघत आणि म्हणत, "काय गं चारू, कुंपन तर काही भरत नही, पन मानूस बाकी टायमाचा पक्का शे हं!"

"कामाचे माणूस आहेत ते, अक्का."

"तेच म्हनते मी. काम सगळं मन लावून करी राहिला. मी तुह्या मागून लावलं ना कोयनेल, ते भरत बी आलं. मले तर एकदाच येऊन गेला."

कार्तिकात वांगी आली. चारुलताने भरिताचा बेत केला, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली. धूर डोळ्यांत जात होता. अभिमन चुलीपाशी बसून काडी मोडून देत होता.

"आज तुम्ही मला एकदाही भाऊ म्हणाला नाहीत," तो सहज बोलल्यासारखा म्हणाला.

"विसरले असेन."

"गेल्या रविवारीपण विसरला होतात."

"मग आठवण करून द्यायची ना तेव्हा."

"छे..." काडी मोडत तो म्हणाला. "मी कशाला आठवण करून देऊ?"

तिने वांगं उलटलं. हाताला चटका बसला, पण तो तिने सांगितला नाही.

त्या दिवशी तो आबा येईपर्यंत थांबला. आबा आणि तो पंगतीला शेजारी बसले. आबांनी त्याला गाव विचारलं, आडनाव विचारलं. तो म्हणाला, "पाटील." आबा म्हणाले, "पाटील खरे. पन आमच्यातले नही, वेगळे." आणि त्याच्या पानात भरीत वाढायला लावलं. कोयनेलचा विषय कोणी काढू नये म्हणून चारुलता पूर्ण जेवणभर बडबडत होती. तिला इतकं बोलताना आबांनी कधी ऐकलं नव्हतं.

मार्चच्या सुरुवातीची गोष्ट. रविवार नसताना, बुधवारी संध्याकाळी अभिमन आला. इस्त्रीचा सदरा होता अंगात.

"नरडाण्याला एका कारखान्याच्या आवाराला कुंपण घालायचंय. सगळ्या आवाराला. ते काम मिळालं तर मी माझी स्वतःची रोपवाटिका काढू शकतो. घरची जागा आहे, विहीर आहे. त्यांचे साहेब उद्या धुळ्यात आहेत. म्हणाले, तुम्ही स्वतः लावलेलं कुंपण दाखवा."

"मग पुष्पाअक्कांचं दाखवा ना."

"ते रतिलालभाऊंच्या माणसांनी लावलं. मी फक्त एकदा बघून गेलो. माझ्या हातचं म्हणावं असं हे एकच आहे." त्याने रोपांकडे पाहिलं. "विरळ आहे. पण मी समजावून सांगेन."

चारुलताने काठ्यांच्या त्या दोन ओळींकडे पाहिलं. आठ महिने गेले होते. आता आबांना थांबवलं तरी एका रात्रीत कोयनेल फुटणार थोडंच होतं?

दुसऱ्या दिवशी, शाळा सुटल्यावर, आबा फिरायला गेलेले असताना ते साहेब आले. गाडीतून खाली उतरलेसुद्धा नाहीत. काच खाली केली, काठ्यांच्या त्या दोन ओळींकडे बघितलं आणि विचारलं, "हे आठ महिन्यांचं?" अभिमन काहीतरी सांगायला गेला. काच वर गेली.

गाडी वळली तेव्हा तो फाटकाला हात लावून उभा होता. चारुलता त्याच्याजवळ गेली. आता नाही बोललो तर आपल्याला बोलायचा हक्कच उरणार नाही, एवढं तिला कळलं.

"अभिमन, फूट कोणी खात नव्हतं. आबा काढत होते. केळीची पिलं काढतात तशी. मी पहिल्या महिन्यात पाहिलं होतं."

तो वळला. राग येईल असं तिला वाटलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर आलं ते वेगळंच होतं. जत्रेत हरवलेल्या पोरासारखा तो तिच्याकडे बघत होता.

"आबा?"

"हो."

"म्हणजे... तुम्ही नाही?"

"मी काय?"

"विळ्याचा तिरपा काप होता, मॅडम. मी काय डोळे मिटून काम करतो? पहिल्याच दिवशी ओळखलं मी, कोणीतरी हाताने काढतंय. घरात तुम्ही दोघं. आबा तर बैठकीला जातात, त्यांना कुंपणाशी काय देणंघेणं, असं मला वाटलं. मला वाटलं, तुम्ही काढता."

"मी कशाला काढीन?"

"तेच," तो म्हणाला. "तुम्ही कशाला काढाल... कुंपण भरू नये, मी येत राहावं म्हणून, असं मी धरून चाललो होतो. म्हणून मीही गप्प बसलो. नुसती राख टाकत होतो, आल्यासारखं काहीतरी करायचं म्हणून." तो हसला, पण तो तिरपा दात काही दिसला नाही. "वडिलांना सांभाळायला तुम्ही गप्प होतात. बरोबर केलंत. वेडा मी. हातचं काम माझ्या वेडापायी गेलं, तुमच्या आबांमुळे नाही."

पलीकडे पुष्पाबाई कपडे वाळत घालायच्या थांबून ऐकत होत्या. चारुलताच्या ओठांवर शब्द आले, नाही असं नाही. पण तीस वर्षांत जे कोणाला म्हटलं नाही ते दोरीवरच्या ओल्या लुगड्यासमोर कसं म्हणणार? तो निघून गेला.

पुढच्या रविवारी दहा वाजले, अकरा वाजले. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. चारुलताने दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला.

तिसऱ्या रविवारी आबा बैठकीहून लवकर आले.

"तो कात्रीवाला येत नही आजकाल?"

चारुलताने आबांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. कोयनेलचं सांगितलं, नरडाण्याचं सांगितलं. शेवटचं, आपल्या मनातलं, तेवढं वगळलं. आबांनी हातातला अडकित्ता मिटून खाली ठेवला.

"मी त्याचं काम मोडलं म्हन की. आन् तुले ठाऊक व्हतं?"

"हो."

"मग मले काहाले नही सांगितलं?"

"तुमच्याजवळ दुसरं काय होतं, आबा? तेवढं एकच काम तुम्ही मनापासून करत होतात."

आबा उठले. धोतराचा सोगा नीट केला. "गाडी काढ तुही," ते म्हणाले.

रतिलालभाऊंची रोपवाटिका शहराबाहेर, हमरस्त्याच्या कडेला. स्कूटरवर आबा लेकीच्या मागे बसले. ऊन चांगलंच तापलं होतं, वाऱ्यात धूळ होती. हिरव्या जाळीखाली अभिमन पिशव्यांत माती भरत होता. या दोघांना पाहून उठला, हात झटकले आणि सवयीने वाकून आबांच्या पाया पडला.

"माह्या पाया काहाले पडतो? मीच तुही माफी मागाले आलो," आबा म्हणाले. "चाळीस वर्सं पिलं काढली मी. पिलं ठेवली त घड भरत नही. मले सांग, याची पिलं काहाले ठेवायची?"

अभिमनने चारुलताकडे पाहिलं नाही. तो आबांना एका जुन्या कोयनेलपाशी घेऊन गेला, फांद्या बाजूला करून बूड दाखवलं.

"आबा, केळीला आपल्याला एकच घड पाहिजे. म्हणून एकच बुंधा ठेवतो. याला घडच येत नाही. याची पिलं हाच याचा घड. शेंडा कापत राहायचं, दर वेळी नवी वाढ निम्मी काढायची, पण बाजूला फुटेल ते सगळं ठेवायचं. खालची बाजू रुंद, वरची अरुंद, म्हणजे बुडालाही ऊन लागतं."

आबांनी हात घालून आतल्या फांद्या चाचपल्या. डोकं हलवलं. "आन् माह्या घरचं? ते मेलं का?"

"मरत नाही ते. हातभरावर छाटलं तर पुन्हा फुटेल बुडापासून. पहिल्यापासून करावं लागेल."

"करू," आबा म्हणाले. मग एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि जोरात हाक मारली, "ओ रतिलालभाऊ! ती केळीची रोपं कोन्या लॅबची व्हय? दाखवा बरं मले!" आणि केळीच्या रोपांकडे निघून गेले. जाताना एकदाही मागे वळले नाहीत.

जाळीखाली हिरवट उजेड होता. कुठेतरी नळी ठिबकत होती.

"आबांनी यायला नको होतं, एवढ्या उन्हात," अभिमन म्हणाला.

"विळा आबांचा होता," चारुलता म्हणाली. "गप्प बसणारी मी होते. आबांना सांभाळायला मी फक्त एक दिवस गप्प होते. पुढचे सगळे महिने... ते आबांसाठी नव्हतं."

मातीची पिशवी उचलायला वाकलेला अभिमन सरळ झाला.

"मग?"

"कुंपण भरलं असतं तर तुम्ही आला असतात?"

"कामाशिवाय कोणाच्या घरी कसं येणार?" मग म्हणाला, "बोलावलं असतंत तर आलो असतो."

"मला वाटायचं तुम्ही राख टाकायलाच येता."

"मला वाटायचं तुम्ही पिलं काढता."

दोघंही हसले. या वेळी दात दिसला.

"तुमचं काम माझ्यामुळे गेलं," ती म्हणाली. "ते मी भरून नाही देऊ शकत."

"नाही देऊ शकत," तोही म्हणाला. गोड बोलायचं म्हणून खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "दोन-तीन वर्षं मागे पडलो मी. तुम्हाला चालेल का, तेवढं आधी सांगा. नरडाण्याला घर मातीचं आहे. आई आहे. रोज शाळेला यायचं तर सकाळी सातला एसटी आहे, आठला दुसरी."

"हे तुम्ही मागणी घालताय की वेळापत्रक सांगताय?"

"दोन्ही," तो म्हणाला. मातीच्या हातांकडे पाहून त्याने ते मागे नेले. तिने त्यातला एक पुढे ओढून घेतला.

"उद्या या घरी. कुंपण बघायला नको. माझ्याकडे या."

तो आला. सोमवार होता, आबा घरीच होते. आबांनी सुपारी कातरली, आणि "वेगळे पाटील" हे त्यांचे शब्द त्यांनी स्वतःच मागे घेतले. हितेंद्रने महिनाभर तोंड फुगवलं, मग लग्नाला ट्रॅक्टरभर केळी घेऊन आला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यानंतरच्या मुहूर्तावर लग्न झालं. अभिमनच्या आईने, तानुबाईंनी, सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्या म्हणाल्या, "मास्तरीन शे, पन गोड शे!" चारुलता दोन वर्षं नरडाण्याहून धुळ्याला ये-जा करत होती आणि शाळा सुटल्यावर आबांकडे डोकावत होती. मग अभिमनने देवपूरच्या रस्त्याला भाड्याच्या जागेवर आपली रोपवाटिका काढली आणि ती दोघं तानुबाईंना घेऊन आबांजवळ राहायला आली.

देवपूरचं ते कोयनेल दुसऱ्या दिवाळीला कमरेएवढं आणि बुडापासून गच्च झालं. पलीकडून पुष्पाबाई दिसेनाशा झाल्या, आवाज मात्र येत असे. आबा रोज सकाळी त्याची पिलं मोजत आणि एखाद्याने फांदी तोडली तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. शेवटच्या वर्षी त्यांना खाली बसवेना, तेव्हा खुर्ची टाकून बसत आणि अभिमनला कुठे छाटायचं ते काठीने दाखवत. तो निमूट तिथे छाटी.

लोटन आबा ९ जानेवारी २०२४ रोजी दुपारी, देवपूरच्या घरी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी वारले.